नवा कान

जुना ट्रक विकत घेतला की पहिले काही आठवडे त्याचे सगळे आवाज ऐकू येतात. पुढे त्यातले निम्मे ऐकू येईनासे होतात. गाडी तीच असते, कान सरावतो. सेकंड हँड गाडीत नवं असं एकच काही असतं, ते म्हणजे घेणाऱ्याचा कान. बाकी सगळ्याला नवेपणा आणता येतो. पत्र्याला रंग मारता येतो, टायर रिमोल्ड करून घेता येतात, सीटला नवं कव्हर चढतं, केबिनला गोंडे लागतात. कानाचं नवेपण असं बाहेरून आणता येत नाही. ते आहे तोवर वापरून घ्यावं लागतं.

भावाने आणि मी भागीत घेतलेला ट्रक टाटाचा सहाचाकी आहे. ड्रायव्हर मंडळी त्याला 'सोळा-तेरा' म्हणतात. टाटाच्या या आकड्यांत हिशेब आहे. 1613 म्हणजे मालासकट एकूण वजन सोळा टनांच्या घरात आणि इंजिन 130 हॉर्सपॉवरच्या आसपास. इंजिनाला 697 म्हणतात, कारण त्यात सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास 97 मिलिमीटर. गाडी भाऊ चालवतो. मी हिशेब बघते, आणि कोरेगावचं आलं पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जायचं असेल तेव्हा जमेल तशी डाव्या सीटवर बसून बरोबर जाते. डाव्या सीटवरच्या माणसाला स्टिअरिंग नसतं, आरसे नसतात, गिअर नसतो. त्याला ऐकायला भरपूर वेळ असतो.

व्यवहाराच्या वेळी कागद सगळे नीट होते. आरसी, विमा, पीयूसी, बँकेचा बोजा उतरल्याची नोंद, मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि 30. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं, तेही झालेलं होतं. गाडी कुणाची, कधीची, किती टनांची, एवढं कागद सांगतात. तिने वाळू वाहिली की कापूस, पावसाळ्यात तिची चाकं हबपर्यंत पाण्यात किती बुडाली, ग्रीसची वेळ पाळली गेली की पुढच्या भाड्यासाठी ढकलली गेली, याला कुठल्याच फॉर्मवर रकाना नाही. ते सगळं लोखंडात मुरलेलं असतं आणि आवाजातून बाहेर येतं.

आमचे मिस्त्री साताऱ्याला हायवेलगत काम करतात. गाडी घरी आल्यावर मी त्यांना फोन लावला आणि एकेका आवाजाचं वर्णन सुरू केलं. एक 'हूं' असा येतो, एक 'टक्' असा, मागे मधूनच काहीतरी खरखरतं. त्यांनी मला थांबवलं.

"ताई, आवाज कसला ते राहू द्या. कधी येतो ते सांगा."

भावाने मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवलं होतं, त्यावर म्हणाले, "मोबाइल खालचा आवाज धरत नाही. गाडी आणालच, पण तोवर बघून ठेवा. उभ्या गाडीत येतो का चालत्या? क्लच दाबल्यावर का सोडल्यावर? इंजिन तापल्यावर वाढतो का जातो? गाडी रिकामी असताना का भरलेली असताना?"

त्या दिवसापासून मी वही केली. तारीख, वेग, गिअर, माल, चढ की उतार, आणि आवाज कधी आला. आवाजाचं वर्णन शेवटच्या रकान्यात. हळूहळू लक्षात आलं की आवाज शोधणं म्हणजे तो कशाबरोबर वाढतो आणि कशाबरोबर थांबतो हे जुळवणं. गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे, गिअर न्यूट्रलला आहे आणि घरघर येते. क्लच दाबला की ती थांबते. म्हणजे दोष गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगकडे, कारण क्लच दाबल्यावर तो शाफ्ट फिरायचा थांबतो. याच्या उलट, क्लच दाबला की आवाज सुरू होतो आणि सोडला की जातो. मग क्लचचं रिलीज बेअरिंग बोलतंय. आवाज तोच, घरघरच. पण एका पायाच्या हालचालीने दोन कामं वेगळी झाली, आणि खर्चही वेगळे झाले.

चालत्या गाडीत ठोके मोजायचे. ट्रकचं चाक एका फेऱ्यात साधारण सव्वातीन मीटर जातं. ताशी वीसच्या वेगात सेकंदाला दोन फेरेही पुरे होत नाहीत. टायरच्या खाचेत अडकलेला दगड त्या संथ तालात टकटकतो, बोटावर मोजता येतो. मागच्या धुऱ्याला फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट मात्र चाकाच्या पाच-सहा पट वेगाने फिरतो. त्याच्या क्रॉसमधला, म्हणजे सांध्यातला, ठोका बोटावर मावत नाही, त्याची थरथर होते आणि ती सीटखाली जाणवते. इंजिनात आणखी वेगळा ताल. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या गतीच्या निम्म्याने येते. गाडी म्हणजे वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या भागांचा जमाव आहे, आणि प्रत्येकाचा ताल ठरलेला आहे. ताल ओळखला की निम्मा शोध संपतो.

पण त्याआधी एक काम करावं लागतं आणि ते मला मिस्त्रींनी सांगितलं. निरुपद्रवी आवाज आधी बंद करायचे. रिकाम्या ट्रकचा हौदा फार वाजतो. फाळक्यांच्या साखळ्या, कड्या, बिजागऱ्या, सीटमागे टाकलेला जॅक, टॉमी, स्टेपनीच्या पाळण्याचा ढिला बोल्ट. यातलं काहीच गाडी बंद पाडत नाही, पण सगळं मिळून इतका कल्ला करतं की खालचं काही ऐकू येत नाही. आम्ही एक दुपार त्यातच घातली. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून साखळ्यांना गुंडाळल्या, फाळक्याच्या कडेला रबर लावलं, पाने आणि जॅक गोणपाटात बांधून ठेवले. संध्याकाळी गाडी बाहेर काढली तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, आता गाडी ऐकू यायला लागली." तोवर ऐकू येत होता तो हौदा होता.

उरलेल्यातला मोठा आवाज 'हूं' हा होता. ताशी चाळीसच्या पुढे सुरू व्हायचा आणि वेगाबरोबर चढायचा. भावाला वाटत होतं टायरचा आहे. मागच्या टायरांची नक्षी खडबडीत झिजली होती, आणि टायर खरोखर असेच घुमतात. मला वाटत होतं डिफ्रन्शियल गेलं, क्राउन-पिनियन बदलावं लागणार, हप्ता भरायचा कसा. दोघांच्या वाटण्याला आवाजात आधार नव्हता. त्याला आशा होती आणि मला भीती. दोन्ही कान बिघडवतात. आशा मोठा आवाज लहान करून ऐकवते आणि भीती प्रत्येक आवाजाला इंजिनकामाची किंमत लावते. त्यावर उपाय एकच, गाडीलाच पुन्हा विचारायचं.

मोकळ्या सपाट रस्त्यावर भावाने वेग धरला आणि क्लच दाबून इंजिन खाली आणलं. हूं तसाच राहिला. म्हणजे इंजिन सुटलं. मग अॅक्सिलरेटर दाबला, सोडला, दाबला. क्राउन-पिनियन झिजलं असेल तर ओढ लागताच आवाज चढतो आणि ओढ सुटताच बदलतो. इथे फरक पडला नाही. म्हणजे डिफ्रन्शियलही बहुधा सुटलं. राहिली चाकं.

साताऱ्याकडून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो. तेव्हा पुण्याहून येणारी वाहतूक घाट चढून यायची, जाणारी बोगद्यातून जायची. मी काच खाली घेतली. डाव्या हाताला भिंत जवळ होती आणि एरवी माळरानात विरून जाणारा आवाज ती परत देत होती. टायरांची सळसळ, टर्बोची बारीक शीळ, आणि त्यांच्या खाली, डावीकडून, मागून, तो घुमारा. टायर बदलून पाहिले असते तर पैसे गेले असते, पण हा आवाज गेला नसता, हे लगेच पुढे कळलं, कारण बोगद्याच्या बाहेर रस्ता वळतो. ते नागमोडी वळण अपघातांसाठी ओळखलं जातं, भाऊ तिथे वेग कमीच ठेवतो. रस्ता उजवीकडे वळला तेव्हा माल डावीकडे झुकला आणि हूं वाढला. रस्ता डावीकडे वळला तेव्हा तो जवळजवळ गेला. भार डाव्या चाकावर आला की ओरडतं आणि उजव्या चाकावर गेला की गप्प होतं, असं डाव्या हबचं बेअरिंगच असू शकतं. पुढे ढाब्यावर गाडी थांबवून भावाने आधी तळहात दूर धरून आणि मग अलगद टेकवून एकेक हब पाहिला. तीन कोमट होते. मागचा डावा हात ठेवू देत नव्हता.

माल उतरवून साताऱ्याला परतल्यावर मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली, पुढच्या चाकांना दगड लावले, एक्सल ओढून काढला आणि हब उघडला. आतलं ग्रीस काळंठिक्कर आणि कोरडं पडलं होतं, जळकट वास येत होता. त्यांनी बेअरिंग डिझेलमध्ये धुतलं, चिंधीने पुसलं आणि बाहेरची रेस उन्हात धरून माझ्याकडे वळवली. तिचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत हवा. तिथे एका बाजूला देवीच्या व्रणांसारखे खड्डे होते. मी त्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. प्रत्येक रोलर प्रत्येक फेऱ्यात त्या खड्ड्यांवरून उडत होता, आणि सेकंदाला होणाऱ्या त्या असंख्य बारीक उड्या एकत्र होऊन आमच्यापर्यंत 'हूं' म्हणून येत होत्या. इतके दिवस जो आवाज मनाला छळत होता तो हातात घेऊन पाहता आला, त्याला आकार होता, जागा होती, कारण होतं. त्या क्षणी भीती गेली. बेअरिंगला पैसे लागलेच, पण माहीत असलेल्या दोषाचा खर्च आणि माहीत नसलेल्या दोषाची धास्ती यांत धास्ती नेहमी महाग पडते.

मिस्त्रींचं निम्मं काम कानाने चालतं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ते इंजिनाच्या अंगाला लावतात आणि मूठ कानामागच्या हाडाला. लोखंडातून थेट आत येणारा आवाज हवेतल्या गोंगाटातून वेगळा पडतो. हातोडीने ते यू-बोल्ट ठोकतात. घट्ट असलेला खणखणतो, सैल झालेला बद्द वाजतो. भाऊही निघण्याआधी टॉमीने मागचे टायर ठोकतो, कारण जोडीतल्या आतल्या टायरची हवा गेली तर बाहेरून दिसत नाही. ठोकून आतलं ओळखण्याची ही रीत माणसाच्या शरीराला लावून 1761 साली पुस्तकात आणली व्हिएन्नाच्या लिओपोल्ड औएनब्रुगर या डॉक्टरने. त्याचे वडील खाणावळ चालवत, आणि पिंप कितपत भरलं आहे ते ठोकून पाहण्याची पद्धत त्याला लहानपणापासून ठाऊक होती. छाती ठोकून आतलं पाणी ओळखता येतं हे त्याने दाखवलं. लेनेक या फ्रेंच डॉक्टरने स्टेथोस्कोपची कल्पना काढली ती त्यानंतर, 1816 मध्ये. मला यात समाधान वाटतं ते असं की ही विद्या मुळात कष्टाच्या कामातून आली. पिंपं हलवणाऱ्यांचे, लोखंड जोडणाऱ्यांचे कान तयार होते. पुस्तकं त्यांच्या मागून आली.

क्लच सोडताना येणारा 'टक्' मात्र लवकर सापडला. मिस्त्री गाडीखाली गेले, शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळला आणि म्हणाले, "क्रॉसमध्ये प्ले आहे." क्रॉसच्या टोपीतल्या सुया झिजल्या होत्या. पुढे जायची ओढ बसताच तेवढी मोकळी जागा भरून निघायची, तोच तो 'टक्'. हा आवाज लहान आहे म्हणून लोक वर्षानुवर्षं चालवून घेतात. पण क्रॉस चालत्या गाडीत तुटला तर शाफ्ट रस्त्यावर आपटतो, आणि बाजूने दुचाकी चाललेली असते. आवाजाचा आकार आणि धोक्याचा आकार यांचा संबंध नसतो. टर्बोची शीळ कानात बसते आणि बहुतेक वेळा एक सैल क्लिप निघते.

गाडीखाली असतानाच त्यांनी डिफ्रन्शियलचं ऑइल सोडलं. थोडं अंगठा आणि तर्जनी यांच्यात चोळलं, उन्हात तिरपं धरलं आणि लोखंडाची चमक शोधली. आणखी एक गोष्ट ते शोधत होते. आवाज करणाऱ्या जुन्या गिअरबॉक्समध्ये किंवा डिफ्रन्शियलमध्ये लाकडाचा भुसा टाकून विकायची क्लृप्ती गाड्यांच्या धंद्यात फार जुनी आहे. भुसा दातांच्या फटीत बसतो आणि काही दिवस आवाज दाबून धरतो. तोवर व्यवहार उरकतो. आमच्या ऑइलमध्ये तसलं काही नव्हतं, पण ती युक्ती ऐकल्यापासून माझा राग गेलेला नाही. झिजलेला दात विकला तर घेणारा सावध होऊ शकतो. त्याचा आवाज बुजवून विकला तर त्याला सावध करणारं शेवटचं साधनही काढून घेतलं जातं. ती गाडी मग भरल्या मालाने घाट उतरते.

काही आवाजांना रात्र लागते. हवेच्या ब्रेकची गळती दिवसा बाजारात ऐकू येणं शक्य नाही. रात्री अंगणात इंजिन बंद केल्यावर एक बारीक 'सुस्स' यायचा आणि डॅशबोर्डवरचा हवेचा काटा हळूहळू खाली सरकायचा. हवेच्या ब्रेकच्या यंत्रणेतला एक व्हॉल्व्ह दाब पुरा झाला की 'फुस्स' करून जास्तीची हवा सोडतो. तो आवाज निरोगी आहे, तो यायलाच हवा. हा त्याच्याहून बारीक आणि न थांबणारा होता. भावाने साबणाचं पाणी करून ब्रशने एकेका जोडावर लावलं, मी टॉर्च धरला. मागच्या एका ब्रेक चेंबरच्या कडेला फेस फुगायला लागला, तिथे गळती होती. त्या रात्री मिस्त्रींचं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. गळतीचा आवाज दोन कारणांनी थांबतो, गळती बुजली म्हणून किंवा टाकी रिकामी झाली म्हणून. काही न करता थांबलेला आवाज दिलासा देतो, आणि नेमका तोच आधी तपासायचा असतो.

इंजिनाने आम्हाला फार त्रास दिला नाही. थंडीच्या सकाळी ते जास्त ठोकायचं, पण तो डिझेलचा स्वभावच आहे. थंड सिलिंडरमध्ये डिझेल पेट घ्यायला क्षणभर उशीर करतं, तेवढ्यात साठलेलं एकदम पेटतं आणि ठोका बसतो. तापल्यावर जाणारा ठोका आणि तापल्यावर वाढणारा ठोका यांत फरक करायला मात्र शिकावं लागतं. इंजिन तापून ऑइल पातळ झालं आणि खोलातून 'धब् धब्' यायला लागलं, तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग असू शकतं. या जुन्या इंजिनात मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित ढिला करून तो सिलिंडर बंद पाडतात आणि ठोका बदलतो का ते ऐकतात. कॉमन रेलच्या नव्या गाड्यांत हे करायचं नाही, तिथे डिझेलचा दाब इतका प्रचंड असतो की फवारा कातडी भेदून आत शिरतो. त्या गाड्यांना स्कॅनर लावतात आणि कोड वाचतात. ते चांगलंच आहे. पण हबच्या बेअरिंगला, पाट्याच्या शॅकल पिनला, प्रोपेलरच्या क्रॉसला कोड नसतो. नव्या केबिनला एसी येतोय, तोही यायलाच हवा, ड्रायव्हरने उन्हात किती भाजायचं? फक्त दिवसातून एकदा एखाद्या भिंतीलगत काच खाली करून मैलभर जावं, एवढं मी सांगेन.

गाडी देताना आधीच्या ड्रायव्हरला भावाने विचारलं होतं, मागे काही आवाज आहे का? तो म्हणाला होता, नाही. मला आता वाटतं, तो खोटं बोलत नव्हता. बेअरिंगचे खड्डे एका रात्रीत पडत नाहीत. हूं रोज केसभर वाढला आणि रोज केसभर त्याच्या कानाने तो स्वीकारला. वर झोपेची ओढ, पोहोचायची वेळ, मालकाचा फोन. रोज ऐकणाऱ्यालाच शेवटी ऐकू येत नाही, हे फक्त गाडीपुरतं खरं नाही. घरातल्या म्हाताऱ्याचा खोकला पाहुण्याला आधी जाणवतो. दूध संघाच्या हिशेबातली खोट नव्या सभासदाला दिसते. म्हणून नवख्याच्या प्रश्नाला 'आमच्याकडे हे असंच असतं' हे उत्तर देऊ नये. त्याच्याजवळ काही दिवसांपुरतं असं काही असतं, जे आपण केव्हाच गमावलेलं आहे.

माझाही कान आता सरावत चालला आहे. केबिनच्या मागे एक किरकिर आहे, ती मी ऐकायला बसले तरच ऐकू येते. म्हणून वही चालू ठेवली आहे आणि ती गाडीच्या कागदांच्याच पिशवीत असते. आम्ही दोघांनी ठरवलं आहे, ही गाडी विकू त्या दिवशी फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करताना ती वहीसुद्धा घेणाऱ्याच्या हातात द्यायची. कुठला आवाज कधी आला, काय निघालं, काय बदललं आणि काय अजून सापडलेलं नाही, सगळं त्यात असेल. भाऊ म्हणतो, त्यामुळे किंमत चार पैसे कमी येईल. येऊ दे. त्या गाडीपुढून, मागून, बाजूने जी माणसं जाणार आहेत त्यांनी आपल्याशी कुठलाच व्यवहार केलेला नाही, आणि आपण काय दडवलं याची किंमत त्यांनी का द्यायची?